गावात कोण नाय

गावाचे नाव : मौजे खारवण

'मौजे' हा शब्द कागदावरच भेटतो. गावात त्याला कोणी पाहिलेलं नाही.

चतुःसीमा

पश्चिमेला दर्या. दक्षिणेला सडा, जांभ्या दगडाचा, त्यावर करवंदीच्या जाळ्या आणि वारा. उरलेल्या दोन्ही बाजूंना खाडी, दुमडलेल्या हातासारखी गावाला कवेत घेऊन बसलेली. खाडीपलीकडे मोरवंड. ओहोटीला कमरेइतक्या पाण्यातून चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. पलीकडे कोणी खोकलं तर अलीकडे ऐकू येतं. म्हणून सोयरिकीची बोलणी खारवणात माजघरात करतात, अंगणात नाही.

विश्रामला लहानपणी वाटायचं, सीमा म्हणजे पाणी. मोठेपणी कळलं, सीमा म्हणजे बांध.

खाडीचं पाणी खारं. ते शेतात शिरलं की भात जळतं. म्हणून पणज्याच्या पणज्यापासून खाडीच्या कडेने दगडमातीचा बांध, आणि त्या बांधात एक लाकडी दार. पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडायला दार उघडायचं, भरतीचं खारं अडवायला लावायचं. गावाचं पोट या एका दारावर. दार लावलेलं असलं तर खारवण जेवतं. उघडं राहिलं तर मोरवंड जेवतं, कारण खाऱ्या पाण्यामागोमाग शेतात कोळंबी येते, आणि मोरवंडला सुक्या मासळीचे व्यापारी तिच्याकडे डोळे लावून बसलेले.

ग्रामपंचायत

नव्या कायद्याने गावोगाव पंचायती होणार, ही बातमी एकोणसाठ साली खारवणात पोचली. जिथे पुरेशी माणसं नांदत असतील त्या गावाला स्वतःची पंचायत. नसतील ते गाव शेजारच्या थोरल्या गावाला जोडायचं.

बाकीच्यांनी ऐकलं आणि सुपारी कातरली. विश्रामने ऐकलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

"जोडतीत तर जोडूंदेत," देवाचे मानकरी अप्पा घाडी म्हणाले. अप्पांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. "बांधाचा दार आपल्या हद्दीत आसा. ता काय उचलून नेतले?"

"उचलूक कित्याक होया, अप्पानू? पंचायत तेंची झाली काय दार तेंचा. उघडा ठेवल्यानी काय झाला!"

"तुका मुंबयच्या गोदीत ह्याच शिकवल्यानी काय रे, जळी स्थळी चोर बघूक?"

लोक हसले. विश्रामही हसला, पण उठला तो तालुक्याला जायच्या तयारीनेच. चाळिशी उलटलेला हा माणूस, गोदीत काही वर्षं काढून परतलेला. लग्न करायचं राहून गेलं होतं. घरात तो आणि त्याची थोरली विधवा बहीण, आक्का. आई गेल्यावर आक्कानेच त्याला भाताची पेज भरवून वाढवला होता. तो निघताना तिने शिदोरीला तांदळाची बोरं बांधली आणि म्हणाली, "झगडूक जातंस तर पोट भरून झगड. आणि थंय आपलो गुरुदास आसा, तेका घेवन जा वांगडा."

शिक्षण

गावात शाळा नाही. शाळा मोरवंडला.

गुरुदास विश्रामच्या मेलेल्या भावाचा मुलगा. आईबापावेगळा पोर, आक्काच्या मांडीवर आणि विश्रामच्या खांद्यावर वाढला. खांद्यावर हे अगदी खरंच. ओहोटी असो की अर्धी भरती, विश्राम त्याला खांद्यावर बसवून खाडी ओलांडायचा; पाटी पोराच्या डोक्यावर, पोर काकाच्या डोक्यावर. "काकानू, पाणी खंय पोचला?" वरून प्रश्न. "तुज्या पायाक लागात तेव्हा सांग," खालून उत्तर. पायाला कधी लागलं नाही.

पोर हुशार निघालं. मोरवंडची शाळा संपवून तालुक्याला गेलं, तिथल्या कचेरीत कारकून झालं, मोरवंडच्या एका मासळीवाल्याची मुलगी त्याने केली. खारवणात हा पहिला माणूस, ज्याला बूट होते. गावपंचायतीचा अर्ज त्यानेच लिहिला, त्यानेच वर सरकवला, आणि विश्रामला कचेरीच्या पायरीवर चहा पाजून सांगितलं, "काकानू, तुमी चिंता करू नकात. साहेब पाहणीक येतलो, चार घरा बघतलो आणि जातलो. मी आसंय."

मी आसंय. विश्राम हे दोन शब्द तोंडात खडीसाखरेसारखे घोळवत घरी आला.

लोकसंख्या : (नंतर भरावी)

खारवणातली माणसं कधी मोजायची हा मोठा प्रश्न. गणेशचतुर्थीला मोजली तर एक आकडा येतो, चैत्रात मोजली तर दुसरा. कर्ते पुरुष मुंबईला. निम्म्या घरांना कुलूप, आणि कुलपांवर गंज. उघड्या घरांत म्हातारी माणसं, बाया, पोरं, शिवाय जे मुंबईहून परतले ते, आणि जे कधी गेलेच नाहीत ते. तालुक्याला शंका आली होती ती याचमुळे: या गावात खरंच कोणी नांदतं का? साहेब बघायला येणार होता ते एवढंच.

देवस्थान

श्री रवळनाथ. जागृत.

दर काही वर्षांनी, मार्गशीर्षात, रवळनाथाचा कौल होतो आणि सगळं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातलं मूल, अंथरुणाला खिळलेली म्हातारी. तीन दिवस, तीन रात्री. ही गावपळण. त्या तीन दिवसांत गाव देवाचं. मोरवंडच्या माळावर माडाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात आणि सगळे तिथे राहतात, उघड्यावर रांधतात, भजन करतात. अबोला धरलेल्या जावा एका चुलीवर येतात. मागे वळून गावाकडे बघू नये असं नाही. पण तिथे कोणी आहे असं बोलू नये. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं : गावात कोण नाय. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो आणि गाव गावात येतं.

यात कोणी चूक केली तर काय होतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. कारण चूक कोणी केलेलीच नव्हती.

त्या वर्षी कौल झाला. अप्पा घाड्यांनी पाषाणाला तांदूळ लावले, उजवा कौल पडला, पळणीचे दिवस ठरले. विश्राम दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेला.

"गुरुदासा, हे तीन दिस ध्यानात ठेव. तेव्हा साहेबाक हाडू नको हां. तेका दिसात काय? माझा डोक्या!"

"बरा झाला सांगितलास," गुरुदास म्हणाला. त्याने मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "बरा झाला."

परत येताना विश्रामला वाटलं, पोर जरा वाळलंय. आक्काला सांगून त्याच्यासाठी कुळथाची पिठी पाठवायला हवी.

दळणवळण

पळणीचा दुसरा दिवस. सकाळची उन्हं खोपींवर आली होती. बाया भाकऱ्या थापत होत्या. कोणीतरी ओरडलं, "साहेब इलो! साहेब इलो!"

विश्रामला आधी ती थट्टाच वाटली.

मोरवंडच्या वाटेने खाकी अर्धी चड्डी आणि टोपी घातलेले एक गृहस्थ येत होते. देशावरचे होते, इकडच्या उकाड्याने लाल झालेले. त्यांच्या मागे छत्री धरून गुरुदास. मोरवंडच्या होडीने ते दोघे थेट पलीकडे गेले; खारवणात साहेब एकटेच उतरले, गुरुदास आणि होडीवाला होडीतच थांबले. माळावरून सगळं गाव बघत राहिलं. साहेब पाणंदीने वर गेले, एका अंगणात उभे राहिले, दुसऱ्यात डोकावले, हाका मारल्या. "कोणी आहे का?" हाक खाडीवरून इकडे आली आणि माळावर कोणी हललं नाही. रिकाम्या गोठ्यात साहेब वाकून बघताना दिसले. मग परत होडीत बसले.

विश्राम काठावरच थांबला होता. होडीची नाळ वाळूला लागायच्या आत त्याने हात जोडले. कचेरीतली मराठी तो जपून बोलायचा, उसन्या धोतरासारखी.

"साहेब, गाव रिकामं नाही. ही सगळी त्याच गावची माणसं. आज पळण आहे. देवाचा हुकूम आहे."

"असं?" साहेबांनी माळाकडे बघितलं. "ही वस्ती तर मोरवंडच्या हद्दीत आहे ना, गुरुदास?"

"हो, साहेब."

"झोपड्यांत राहतात, इथेच स्वयंपाक करतात. आणि पलीकडे मी स्वतः फिरून आलो. कोंबडीचं पीसदेखील हललं नाही."

"उद्यानंतर या साहेब! परवा या!"

"परवा मी दुसऱ्या टोकाला असेन, गृहस्था. आणि पाहणीचा दिवस कचेरीने ठरवला तो तुमच्याच अर्जावर. 'याच दिवशी गावची माणसं सवडीने भेटतील' असं कळवलंत ना तुम्ही?"

विश्रामने गुरुदासकडे बघितलं. गुरुदासने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ऊन साहेबांच्या मानेवर पडलं, तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

साहेब वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "हे बघा. मला देवाधर्मात पडायचं नाही, पण जे दिसत नाही ते मी लिहू शकत नाही. आज मी मोरवंडच्या शाळेत मुक्कामाला आहे. उद्या सकाळी जाताना या काठावर येईन. पलीकडे एका घरात, एका, चूल पेटलेली दाखवा आणि तुमच्यापैकी कोणीही सांगा की ते आमच्या गावचं घर. बाकीचं तुमच्या शब्दावर लिहितो."

साहेब पुढे गेले. विश्रामने गुरुदासचा दंड धरला.

"तू हाडलंस तेका."

"काकानू, हात सोडा, लोक बघतत."

"मी तुका दिस सांगितलंय, तो हाडू नको म्हणान! तू तोच धरलंस?"

"मगे काय करू?" गुरुदासचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कुलपा मोजून पंचायत चलता काय? दहा म्हाताऱ्यांचो गाव तुमचो. मोरवंडाक जोडलात तर रस्तो येतलो, पूल येतलो. उद्या सासऱ्यांनी माका पंचायतीत उभो केलो तर मी खारवणाकच बघतलंय मा? माझाच गाव तो."

"आणि दार?"

गुरुदासने साहेब गेले त्या वाटेकडे बघितलं.

"बांधाचा दार, गुरुदासा?"

"भातान कोणाचा भला झाला हा, काकानू," तो म्हणाला आणि साहेबांची छत्री घेऊन पळत गेला.

चुली

संध्याकाळी माळावर गाव बसलं. विश्रामने सगळं सांगितलं. गुरुदासचं नाव घेताना आक्काकडे बघितलं नाही.

"एक चूल," तो म्हणाला. "एकाच घरात. मी जातंय, पेटवतंय आणि परत येतंय. अप्पानू, देवाक विचारा."

"देवाक विचारूक देवळात जावक होया," अप्पा म्हणाले. "देऊळ गावात."

यावर कोणाला हसू आलं नाही. पळण चालू असताना पळण मोडायची परवानगी मागायला पळण मोडावी लागते, हे आजवर कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मगे काय करूया? उद्या सकाळी तो लिवन जातलो. दार गेला. भात गेला. सांगा काय ता."

माणसं जमिनीकडे बघत होती. कोणी काटकीने माती उकरत होतं. गुरं रवंथ करत होती. विश्राम एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. कोणी 'जा' म्हणालं नाही. कोणी 'नको' म्हणालं नाही. आक्का उठली, त्याच्या पानावर आणखी भात वाढला, वर कढी घातली. पोट भरून झगड, असं ती कधीतरी म्हणाली होती.

एवढ्यावरून विश्रामने जे समजायचं ते समजून घेतलं. गप्प राहिलेलं गाव म्हणजे हो म्हणालेलं गाव. आयुष्यभर त्याने तसंच बघितलं होतं; लग्नं अशीच ठरली होती, बांधावरची कामं अशीच वाटली गेली होती.

हवामान

सकाळी वारा मतलई, जमिनीवरून दर्याकडे. धूर सरळ दिसेल असा.

विश्राम उजाडता उजाडता ओहोटीच्या पाण्यातून पलीकडे गेला. खांद्यावर कोणी नव्हतं, तरी सवयीने मान ताठ.

आपलंच गाव, पण त्याला चोरासारखं चालावं लागलं. पाणंदीत कावळा नव्हता. आवाजच नव्हता म्हणजे किती नव्हता, तर त्याला स्वतःच्या धोतरातून गळणारं पाणी ऐकू येत होतं. अंगणातली तुळस पाण्यावाचून मान टाकून उभी. देवळाकडे त्याने बघितलं नाही, पण पाठीला देऊळ जाणवत राहिलं. घराचं दार ढकललं. जुनं, फणसाच्या लाकडाचं, लोखंडी कडी असलेलं ते दार नेहमीसारखं कुरकुरलं आणि तो दचकला.

चूल थंड होती. त्याने काटक्या रचल्या, काडी ओढली, वर ओली सोडणं घातली, नारळाची, धूर दाट व्हावा म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं. धूर कौलांच्या फटींतून वर गेला आणि माडांच्या शेंड्यांवर उभा राहिला.

मग तो धावत खाडीच्या काठावर आला आणि सुरंगीच्या झाडाआड थांबला. पलीकडे साहेब पोचले होते. त्यांच्याभोवती सगळं गाव. पाणी स्थिर होतं. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"दिसतोय धूर," साहेब म्हणाले. आवाजात समाधान होतं. "छान. कोणाचं घर ते?"

माणसं अप्पांकडे बघू लागली.

"अहो, कोणाचं घर? तिथे कोण आहे?"

अप्पा घाड्यांनी नजर आभाळात नेली. "साहेब, गावात कोण नाय."

"मग धूर कसला?"

"ता आमी सांगूक शकनव नाय."

साहेबांनी बायकांकडे बघितलं. आक्का पुढेच उभी होती. ते तिला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. ते तुमच्या गावचं घर ना? घरात तुमचं माणूस आहे ना?"

विश्राम झाडाआडून बाहेर आला. अगदी पाण्याच्या कडेला येऊन उभा राहिला, उघड्यावर, तिला दिसेल असा. हात वर केला. मध्ये फक्त खाडी.

आक्काने त्याला बघितलं. तिने बघितलं यात त्याला पुढे कधीच शंका वाटली नाही. तिने पदर डोक्यावर पुढे ओढला तो बघितल्यावरच.

"नाय," आक्का म्हणाली. "गावात कोण नाय."

"आणि तो काठावरचा माणूस?"

"तो आमचो न्हय."

साहेबांनी टोपी सारखी केली. मग गुरुदासला म्हणाले, "चला." गुरुदास मान खाली घालून चालला होता. जाताना त्याने आक्काच्या पायांना हात लावला.

उद्योगधंदे

नाहीत.

मुख्य पिके

खारवण मोरवंडला जोडलं गेलं. पहिल्या निवडणुकीत गुरुदास नोकरी सोडून पंचायतीत गेला, पुढे सरपंच झाला. खारवणची माणसं खाडी ओलांडून त्याला मत देऊन आली. आपलाच मुलगा म्हणून दिलं. रस्ता मोरवंडपर्यंत आला. पूल पुढल्या साली व्हायचा होता, आणि पुढलं साल दर साली पुढे जायचं.

बांधाचं दार एका उन्हाळ्यात मोरवंडच्या माणसांनी दुरुस्तीला म्हणून काढून नेलं. दुरुस्ती झाली नाही. भरतीबरोबर खारं पाणी शेतात आलं, कोळंबी आली, कोळंबी पलीकडे गेली आणि मीठ इथे राहिलं. रोपं वीतभर वाढून पिवळी पडली. उन्हात शेत पांढरं दिसायचं, कोणीतरी रांगोळी सांडल्यासारखं.

गाव हळहळलं. मग गावाने कारण शोधलं. ते लांब जावं लागलं नाही.

"पळण मोडल्यान हेणा," अप्पा म्हणाले. "देवान मीठ टाकल्यान शेतात."

"अप्पानू, मीठ देवान नाय टाकूक. दार काढल्यानी म्हणान —"

"तू बोलू नको."

विश्राम बोलायचा थांबला, कारण गाव ऐकायचंच थांबलं होतं. देवळात त्याच्या हातचा नारळ घेईनात. लग्नाचं बोलावणं आलं तर ते आक्काला. घरात त्या दिवसापासून दोन चुली झाल्या. आक्का मागल्या पडवीत वेगळं रांधायची. तिच्या चुलीचा वास यायचा, ती यायची नाही. एकदा त्याला ताप आला तेव्हा उशाशी पेजेचं भांडं ठेवलेलं सापडलं. भांड्याजवळ कोणी नव्हतं.

एकदाच त्याने पडवीच्या दारात उभं राहून विचारलं. "आक्का, त्या सकाळी तुका मी दिसलंय मा?"

ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही. "माका दोन झील, दोन पोरा, विश्राम. तू एक आणि तो एक," ती म्हणाली. "आणि देव एकच."

देवस्थान (पुढे चालू)

त्रेसष्टच्या मार्गशीर्षात पुन्हा कौल झाला. झावळ्या कापल्या गेल्या, गाठोडी बांधली गेली. विश्रामनेही घोंगडी गुंडाळली, पोह्यांची पुरचुंडी घेतली आणि रांगेच्या मागे जाऊन उभा राहिला. वेशीवर अप्पा घाडी काठी आडवी धरून होते.

"खंय?"

"पळणीक."

"पळण गावची," अप्पा म्हणाले. त्यात राग नव्हता. हिशेबातली चूक दाखवावी तसं म्हणाले.

रांग पुढे गेली. गुरं गेली, कोंबड्यांच्या टोपल्या गेल्या, अप्पांची आंधळी आई झोळीतून गेली. आक्का गेली. वळून बघितलं की नाही हे विश्रामला कळलं नाही, कारण तो पायांकडे बघत होता.

मग गाव रिकामं झालं आणि तो त्यात उरला.

पाणी अडवण्याची सोय

पहिल्या दिवशी त्याने चूल पेटवली नाही. भिजवलेले पोहे खाल्ले आणि ओटीवर बसून राहिला. पलीकडे भजन चालू होतं. त्याला सगळे अभंग पाठ होते. त्याने एकही म्हटला नाही.

दुसऱ्या दिवशी तो बांधावर गेला. दाराच्या जागी, खाडीच्या वळणाआड, माळावरून दिसत नाही तिथे, खिंडार होतं, दोन्ही बाजूंची माती खचलेली. ओहोटी होती. खिंडारातून पाणी बाहेर वाहत होतं आणि चिखलावर कोळंबी उडत होती. सहा तासांनी हेच पाणी उलटं येणार. गाव असतं तर आताच कोणीतरी हटकलं असतं. मोरवंडचं कोणी असतं तर आरडाओरडा झाला असता. पण पळणीत मोरवंडची माणसंही या काठाला पाऊल लावत नाहीत; देव जागृत आहे हे त्यांनाही ठाऊक.

गावात कोणी नव्हतं. आणि जे कोणी नव्हतं त्याला दोन हात होते.

तो घरी गेला. दारासमोर उभा राहिला. याच दारातून बापाला नेला होता, भावाला नेला होता. याच दाराच्या कडीला लोंबकळून गुरुदास झोके घ्यायचा, आणि कडी वाकडी झाली म्हणून त्याने आक्काचा मार खाल्ला होता. विश्रामने बिजागऱ्या ठोकून काढल्या, दार पाठीवर घेतलं आणि निघाला.

दार पाठीवर होतं, तोवर त्याला वाटलं, पाणी खंय पोचला असं कोणी वरून विचारेल.

जांभ्याचे चिरे त्याने कोसळलेल्या कुंपणातून आणले. खिंडार दोन्हीकडून अरुंद करत आणलं. मध्ये दार रोवलं, मागे चिरे, चिऱ्यांत सोडणं आणि खाजणातला काळा चिखल. भरती आली, अर्धं वाहून गेलं. ओहोटीला पुन्हा लावलं. हातांची सालटी निघाली, त्यात खारं पाणी गेलं. तिसऱ्या दिवशी भरती आली, दारापर्यंत चढली, दाराला हात लावून बघितल्यासारखी थांबली आणि तिथेच राहिली. शेताच्या बाजूला चिखल तसाच, उघडा, ओला.

चौथ्या दिवशी गाव परत आलं.

आधी बाया ओरडल्या. मग पुरुष धावले. बांधावर गर्दी झाली. "लागला! दार लागला!" कोणी चिऱ्यांना हात लावून बघत होतं, कोणी कपाळाला चिखल लावत होतं. अप्पा घाडी आले. त्यांनी दार बघितलं, चिरे बघितले. मग गर्दीच्या पार मागे, कवंडळाच्या वेलीशी उभ्या असलेल्या विश्रामचे हात बघितले. बराच वेळ बघितले.

"गावात कोण होता?" अप्पांनी मोठ्याने विचारलं.

"कोण नाय!" गाव म्हणालं.

"मगे दार कोणी लावल्यान?"

विश्रामचे ओठ हलले.

"देवान!" कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले. "देवान! रवळनाथान!" नारळ फुटले.

दुपारी सरपंच आला. बूट काढून बांधावर चढला. बरोबर मोरवंडची चार माणसं होती, पहारी घेऊन. खारवणची माणसं बाजूला झाली नाहीत. "देवान लावलेला दार आसा ता," अप्पा म्हणाले. "काढूचा तर काढा." पहारीवाल्यांनी पहारी खाली ठेवल्या आणि देवळाच्या दिशेने हात जोडले.

गुरुदास खाली वाकला. चिखलातून एक लोखंडी कडी वर आली होती, एका बाजूला वाकलेली. त्याने तिच्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला. मग वर बघून गर्दीत विश्रामला शोधलं. काका-पुतण्यांची नजर चार वर्षांत पहिल्यांदा भेटली. दोघांना ठाऊक होतं. एकाने तोंड उघडलं असतं तर दार माणसाचं झालं असतं, आणि माणसाचं दार पंचायत काढू शकते.

"देवाचा काम," गुरुदास शेवटी म्हणाला आणि कडीवर पुन्हा चिखल लावला.

देवळात महाप्रसाद झाला. विश्रामला कोणी बोलावलं नाही. कशाला बोलावतील?

तो घरी आला. दाराच्या जागी उजेड होता, आणि त्या उजेडात आक्का उभी होती. तोंडात सुतळी धरून, हात वर करून ती चौकटीला जुनी गोधडी बांधत होती. त्याला बघून बाजूला झाली नाही. गोधडी लागली. तिने तिची खालची बाजू सारखी केली.

"आक्का," विश्राम म्हणाला. त्याला एकदाच, एकाच माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. "दार खंय गेला?"

आक्काने त्याचे हात हातात घेतले, उलटे केले, सोललेल्या तळव्यांना खोबरेल लावलं. चार वर्षांनी ती त्याला शिवत होती. मग पाणंदीतून माणसं जात होती त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"खंयचा दार? ह्या घराक दार कधी होता?"